प्राचीन ग्रीक दगडी थडगी मातीच्या ओझ्याखाली कशी टिकली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीक स्थापत्य म्हणजे उभे खांब आणि त्यांवर आडव्या तुळया, असे आपण महाविद्यालयात शिकतो. मग दक्षिण ग्रीसमधल्या मायसिनीचे घुमटाकार थडगे आणि मॅसिडोनियातील कमानदार छतांची थडगी चुन्याच्या जोडाशिवाय, डोक्यावर कित्येक मीटर माती घेऊन २३ ते ३३ शतके कशी उभी राहिली? आणि ग्रीकांना कमान येत होती, तर ती त्यांनी मंदिरांत का वापरली नाही? जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत माझी २८ वर्षे गेली आहेत आणि ही दोन्ही ठिकाणे मी सवडीने पाहिली आहेत, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

‘मातीचे ओझे असूनही थडगी टिकली’ हे प्रश्नातले गृहीतक आधी सोडून द्यावे लागेल. ही बांधकामे माती आहे म्हणून टिकली. घुमट किंवा कमान आणि तिच्याभोवतीचा मातीचा ढिगारा ही एकच रचना आहे, आणि त्यातला एक भाग आपल्याला दगड म्हणून दिसतो, दुसरा टेकडी म्हणून. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात मायसिनीच्या तथाकथित ‘एट्रियसच्या खजिन्या’पासून करू. इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातले हे थडगे आहे, इ.स. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या प्रवाशाने एट्रियस हा दंतकथेतला राजा आणि त्याची मुले यांच्या जमिनीखालच्या कोठारांचा उल्लेख केला, त्यावरून खजिन्याचे नाव त्याला चिकटले. आतील दालनाचा व्यास सुमारे १४.५ मीटर, उंची सुमारे १३.२ मीटर आणि दगडांचे थर ३३. म्हणजे एक थर सरासरी ४० सेंटिमीटर उंच, आणि सव्वासात मीटरची त्रिज्या ३३ थरांत मिटवायची तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा सरासरी २२ सेंटिमीटर आत आला पाहिजे. प्रत्यक्षात खालचे थर जेमतेम आत येतात आणि वरचे भराभर, म्हणूनच घुमटाची कड मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वळते. रोमन काळापर्यंत एवढ्या व्यासाचा दुसरा घुमट बांधला गेल्याचे माहीत नाही.

पाठ्यपुस्तकात याला कॉर्बेल पद्धत म्हणतात: दगडाचा थोडा भाग पुढे काढायचा, मागच्या भागावर वजन ठेवायचे, म्हणजे तो पुढे कलंडत नाही. आपल्याकडच्या सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या मंदिरांतील मंडपाची छते याच पद्धतीने थर आत आणत मिटवलेली आहेत. पण मायसिनीचा घुमट केवळ या तत्त्वावर उभा आहे असे मानणे अपुरे ठरते. तिथला प्रत्येक थर हे एक पूर्ण वर्तुळ आहे. दगड आत कलंडू पाहतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे दगडही तेच करू पाहतात आणि सगळे एकमेकांत पाचरीसारखे आवळले जातात. ज्याने आपल्याकडची कोरड्या दगडांची गोल विहीर पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे बाहेरची माती दगडांना आत ढकलते आणि त्या ढकलण्यानेच दगडांचे गोल कडे घट्ट होते. मायसिनीचा घुमट म्हणजे वर जाताना अरुंद होत गेलेली विहीर आहे, असे समजून पाहा.

या कड्यांचा बांधणाऱ्याला मिळणारा फायदा मोठा आहे. एक कडे पूर्ण झाले की ते स्वतःच्या बळावर स्थिर होते. त्यामुळे आतून लाकडी सेंटरिंगची, म्हणजे तात्पुरत्या आधाराच्या सांगाड्याची, गरज उरत नाही. टेकडीच्या उतारात गोल खड्डा खणून दरवाजावरच्या आडव्या दगडाच्या, म्हणजे लिंटेलच्या, पातळीपर्यंतचे थर त्या खड्ड्यात बांधले गेले आणि वरचे थर चढतील तशी बाहेरून माती भरली गेली. ती भरलेली माती हीच कामगारांची परांची होती आणि दगड वर आणण्याची उतरणही. शिवाय मागे बाहेर राहिलेल्या दगडाच्या ओबडधोबड शेपटीवर ती माती बसत असल्याने पुढे काढलेल्या भागाला आपोआप प्रतिवजन मिळत होते. दगडांच्या मागच्या बाजूच्या फटींत लहान दगडांच्या चिपा ठोकलेल्या आहेत आणि बाहेरून चिकणमातीचा थर चोपलेला आहे. चिपा कड्याचा दाब एका दगडातून दुसऱ्यात नेतात, चिकणमाती पाणी अडवते. आतली बाजू मात्र शेवटी, सगळे उभे राहिल्यावर, छिन्नीने एकसलग केली गेली.

आता या रचनेचे दुखरे ठिकाण पाहू, कारण बांधणाऱ्याची खरी हुशारी तिथेच दिसते. आत जायला दरवाजा लागतो आणि दरवाजा म्हणजे कड्याला पडलेला खंड. आपल्या पायऱ्यांच्या विहिरीतही पायऱ्या जिथे आत उतरतात त्याच कोपऱ्यांत दगड आधी हलतात. एट्रियसच्या थडग्याचा दरवाजा सुमारे ५.४ मीटर उंच आणि तळाशी सुमारे २.७ मीटर रुंद आहे. वर जाताना तो किंचित अरुंद होतो, म्हणजे लिंटेलला पार करायचे अंतर तितकेच कमी होते. त्यावर एकामागे एक अशी दोन लिंटेले आहेत. आतले लिंटेल सुमारे ८ मीटर लांब, ५ मीटर खोल आणि १.२ मीटर जाड आहे. गुणाकार करा: ४८ घनमीटर, घनमीटरला अडीच टन धरले तर १२० टन. एवढा दगड कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पावणेतीन मीटरच्या दरवाजासाठी आठ मीटरचा दगड लागत नाही. तो लागतो तुटलेले कडे पुन्हा सांधण्यासाठी. त्याची दोन्ही टोके दरवाजाच्या पलीकडे भिंतीत खोलवर जातात आणि दोन्ही बाजूंच्या थरांतला दाब या अखंड दगडातून आरपार जातो.

दालनात उभे राहून या लिंटेलची आतली कड जवळून पाहावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. ती सरळ नाही. घुमटाच्या वर्तुळाप्रमाणे ती आडवी वळलेली आहे आणि घुमटाच्या उभ्या वक्राप्रमाणे वरच्या बाजूला आतही झुकलेली आहे. १२० टनांच्या दगडाला दोन दिशांनी वळण देणाऱ्या पाथरवटाच्या डोळ्यांसमोर पूर्ण झालेला घुमट आधीच उभा असला पाहिजे.

लिंटेलच्या वर एक त्रिकोणी पोकळी ठेवलेली आहे. दगड दाब उत्तम सोसतो, पण वाकवले की खालच्या बाजूला पडणाऱ्या ताणात तो चटकन तडकतो. मध्यभागावरचे थर दोन्ही बाजूंनी कॉर्बेल करत वर नेले की वजन लिंटेलच्या मध्यावर न येता टोकांकडे, थेट भिंतींवर उतरते. मायसिनीच्या प्रसिद्ध सिंहद्वारावर जो सिंहांचा कोरीव दगड आहे तो याच प्रकारच्या त्रिकोणात बसवलेला आहे. मायसिनीत अशी एकूण नऊ थडगी आहेत आणि त्यांतल्या सुरुवातीच्या थडग्यांत हा त्रिकोण नाही. तो पुढच्यांत आला. पडझड पाहून शिकलेले शहाणपण आहे हे, असे मला वाटते. एजिस्थसचे म्हणून ओळखले जाणारे थडगे आज वरून उघडे पडलेले आहे आणि क्लायटेम्नेस्ट्राच्या थडग्याच्या घुमटाचा कोसळलेला वरचा भाग विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला.

यानंतर जवळजवळ हजार वर्षांची उडी मारून उत्तर ग्रीसमधल्या मॅसिडोनियात येऊ, कारण खरी कमान, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या दगडांची कमान, थडग्यांत दिसते ती तिथे, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यापासून. पिपाच्या आकाराचे लांबट छत असलेली अशी शंभराच्या आसपास थडगी माहीत आहेत. सर्वांत प्रसिद्ध अर्थातच व्हर्गिनाचे, म्हणजे प्राचीन आयगाईचे. ते मानोलिस आंद्रोनिकोस यांना १९७७ मध्ये सापडले. त्यात दफन झालेला राजा अलेक्झांडरचा पिता दुसरा फिलिप, असे त्यांचे मत होते. तो अलेक्झांडरचा सावत्र भाऊ फिलिप अर्‍हिडियस असावा, असे मानणारेही अभ्यासक आहेत.

सपाट छत सोडून कमानीकडे वळण्याचे कारण आकडेमोडीतून स्पष्ट होते. त्याआधीची थडगी दगडी पेटीसारखी होती. वर सपाट शिळा टाकायच्या आणि माती लोटायची. व्हर्गिनातले पर्सेफोनीच्या अपहरणाचे चित्र असलेले थडगे याच प्रकारचे आहे. उदाहरणादाखल शिळेवर ५ मीटर माती धरू. मातीचे वजन घनमीटरला १.८ टन, म्हणजे शिळेवर चौरस मीटरला ९ टन. शिळा ४० सेंटिमीटर जाड आणि अंतर २ मीटर असेल तर तिच्या खालच्या बाजूला चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो ताण पडतो. मऊ चुनखडीच्या सहनशक्तीच्या काठावरचा हा आकडा आहे. अंतर ४.५ मीटर केले, जेवढी व्हर्गिनाच्या राजथडग्याची आतली रुंदी आहे, तर ताण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून पाचपट, म्हणजे ८५ किलोच्या आसपास जातो. अशी शिळा माती लोटतानाच मोडेल. राजघराण्याला पलंग, शस्त्रे, भांडी मावतील एवढे प्रशस्त दालन हवे होते, आणि ते सपाट दगडाने देता येत नव्हते.

तेच ओझे ४.५ मीटर रुंदीच्या अर्धवर्तुळाकार कमानीवर ठेवा. मीटरभर लांबीमागे माथ्यावरचा आडवा रेटा सुमारे १० टन येतो. पाचरी-दगडांची जाडी अर्धा मीटर धरली तर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब, आणि कमान भिंतीवर टेकते तिथे साधारण ४ किलो. या थडग्यांची ‘पोरोस’ नावाने ओळखली जाणारी मऊ चुनखडीसुद्धा याच्या कित्येक पट दाब सहज सोसते. ताण तर जवळजवळ नाहीच. म्हणजे कमानीत दगडाच्या ताकदीचा प्रश्न उरत नाही, भूमितीचा उरतो: दाबाची रेषा दगडाच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे. केवळ स्वतःचे वजन पेलणाऱ्या अर्धवर्तुळाकार कमानीला यासाठी त्रिज्येच्या एक दशांशापेक्षा किंचित जास्त जाडी लागते. आपल्या उदाहरणात ती २४ सेंटिमीटर होते. अर्ध्या मीटरला दुपटीचा वाव आहे.

मग कमानीची अडचण कोणती? तो १० टनांचा आडवा रेटा. कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना सतत बाहेर ढकलते आणि उघड्यावर उभ्या भिंतीला तो रेटा पेलायचा तर ती फार जाड करावी लागते किंवा तिला बाहेरून धिरे द्यावे लागतात. जमिनीखाली हे काम माती करते. स्थिर मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या साधारण निम्मा असतो. आपल्या उदाहरणात कमानीच्या खांद्यांपाशी सरासरी खोली ६ मीटर धरली तर चौरस मीटरला ५.४ टन, आणि २ मीटर उंचीच्या पट्ट्यावर जवळपास ११ टन. कमान १० टनांनी बाहेर ढकलते आहे, माती ११ टनांनी आत. हे आकडे ढोबळ आहेत आणि माती बदलली की बदलतील, पण दोन्ही रेटे एकाच मापाचे आहेत आणि माती वाढली की दोन्ही बरोबरीने वाढतात, ही गोष्ट ढोबळ नाही.

मंदिरांत कमान का नाही, याचे उत्तरही इथेच आहे. सडपातळ खांबांची रांग आडवा रेटा पेलू शकत नाही, आणि खांबांची ती रांग सोडायला ग्रीक मन तयार नव्हते. जिथे दोन्ही बाजूंना माती किंवा तटाची जाड भिंत आयती मिळाली तिथे त्यांनी कमान निःसंकोचपणे वापरली. नेमियाच्या क्रीडांगणात खेळाडू ज्या ३६ मीटर लांबीच्या बोगद्यातून मैदानात येत, त्याचे छत इ.स.पू. ३२० च्या सुमाराचे आहे आणि तो बोगदा टेकडीच्या पोटातून जातो.

ही विद्या अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर बाबिलोनहून आली, असे एकेकाळी ठामपणे म्हटले जाई, आणि त्याच आधारे व्हर्गिनाचे थडगे इ.स.पू. ३३६ मध्ये मारल्या गेलेल्या फिलिपचे असू शकत नाही, असा युक्तिवाद होई. मला तो पटत नाही. इ.स.पू. ३४७ च्या सुमारास मरण पावलेल्या प्लेटोने आपल्या अखेरच्या ग्रंथात आदर्श नगरीतील अधिकाऱ्यांसाठी जमिनीखाली टिकाऊ दगडांची लांबट कमानदार थडगी सांगितली आहेत. कल्पना तेव्हा ग्रीसमध्ये होती. शिवाय व्हर्गिनातच फिलिपच्या आईचे, युरिडिसीचे मानले जाणारे थडगे इ.स.पू. ३४० च्या सुमाराचे आहे आणि त्याला कमानदार छत आहे. त्या छताभोवती बाहेरून जाड दगडांची चौकोनी पेटी बांधलेली आहे. मातीचा आधार पुरेल याची खात्री नसलेल्या बांधकामदाराने घेतलेली ही खबरदारी असावी, असे माझे मत आहे. पुढच्या थडग्यांत ती पेटी गळून पडते.

बांधण्याच्या क्रमात मात्र मायसिनीची सोय इथे नव्हती. पिपाकार छतात माथ्याची ओळ बसेपर्यंत कमान स्वतः उभी राहत नाही, म्हणून खालून आधार लागतो. मॅसिडोनियाला लाकडाची कमतरता नव्हती. अथेन्सची जहाजे तिथल्या लाकडावर बांधली जात. भिंती चढवायच्या, दोन्ही बाजूंनी माती भरून घ्यायची, सेंटरिंग उभे करायचे, दोन्ही खांद्यांकडून सारख्या गतीने दगड चढवत माथ्याची ओळ बसवायची, वरून गिलाव्याचा थर द्यायचा आणि मग पुन्हा दोन्हीकडून सारखी माती. ‘सारखी’ या शब्दावर मी जोर देतो. दर्शनी भिंत मात्र वेगळी गोष्ट आहे. व्हर्गिनात ती डोरिक खांब आणि शिकारीचे चित्र मिरवते आणि मागचे छत पूर्ण झाकते. पिपाकार छताचा रेटा फक्त बाजूंना जातो, पुढे येत नाही, त्यामुळे या भिंतीला छताचा भार पेलावा लागत नाही. ती मंदिरासारखी दिसायला मोकळी आहे.

आंद्रोनिकोस यांनी या थडग्यात प्रवेश केला तो दारातून नव्हे. दर्शनी बाजूचे संगमरवरी दरवाजे न हलवता त्यांनी मागच्या टोकाचा माथ्यावरचा दगड काढला आणि शिडीने खाली उतरले. थडगेचोरांचीही हीच जुनी वाट. कळीचा दगड काढला की कमान कोसळते, असे सर्वत्र सांगितले जाते, मग छत कसे राहिले? एका कमानीपुरते ते म्हणणे खरे आहे. पण पिपाकार छतात अनेक कमानी शेजारी-शेजारी असतात, दगडांचे सांधे एकाआड एक सरकवलेले असतात आणि एका दगडाची जागा रिकामी झाली तर दाब घर्षणाने शेजारच्या दगडांत वळतो. एक दगड गेला तर भोक पडते. ओळ गेली तर छत जाते.

याच छतावर मातीचा भार दोन टप्प्यांत आला असावा. आधी थडग्यावर लहान ढिगारा होता आणि सुमारे ११० मीटर व्यासाचा, १२ मीटर उंचीचा मोठा ढिगारा इ.स.पू. २७४ नंतर, गॅलेशियन सैनिकांनी तिथली थडगी लुटल्यावर, मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनॅटसने घातला, असे आंद्रोनिकोस यांचे अनुमान होते. हे मान्य केले तर बांधणाऱ्यांनी कल्पिला नव्हता असा भार छताने घेतला, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने निभावला.

माती काढताना मात्र नेमके उलट घडू शकते, आणि माझ्या व्यवसायाचा संबंध इथे येतो. एका जुन्या वाड्याच्या कमानदार तळघराच्या एका बाजूने कंत्राटदाराने नाल्यासाठी तळघराच्या पायापर्यंत चर खणला. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा छताच्या पाव अंतरावर, खणलेल्या बाजूच्या समोरच्या अंगाला, लांबीभर केसाएवढी चीर होती आणि तिच्यात कागद सरकत होता. कमानीला अशा तीन चिरा पडल्या तरी ती उभी राहते. चौथी पडली की बिजागऱ्या लागल्यासारखी दुमडते. आम्ही त्याच दिवशी वाळूच्या गोण्यांनी चर भरला, आतून आधार दिला आणि चीर वाढली नाही. वरचे ओझे कमी झाले आहे, मग चीर का पडली, हा त्या कंत्राटदाराचा प्रश्न प्रामाणिक होता. ओझे कमी झाले होते, पण एकाच बाजूचे. आणि तिकडून येणारा आडवा रेटाही त्याबरोबर गेला होता.

उत्तर ग्रीसमधल्याच अँफिपोलिसच्या कास्ता टेकडीत २०१४ मध्ये हाच प्रश्न फार मोठ्या मापात समोर आला. ४९७ मीटर परिघाच्या त्या ढिगाऱ्याखालची कमानदार दालने वाळूसर मातीने भरलेली होती. आतली भरही छताला आणि भिंतींना टेकू देत होती. ती उपसत जावी तसा खोदणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने आधार उभारावा लागला. काम संथ चालले आहे अशी टीका तेव्हा झाली. मला ती संथगतीच योग्य वाटली.

व्हर्गिनाला गेलात तर आज थडगी मोठ्या हिरव्या टेकडीच्या आत दिसतील. ती टेकडी १९९३ मध्ये उभारलेल्या आच्छादनावर आहे; माती आता त्या नव्या छतावर बसते आणि प्राचीन कमान स्वतःपुरतेच वजन पेलते. तापमान आणि ओलावा स्थिर राहून रंगचित्रे वाचावीत, यासाठी ही व्यवस्था आहे. मायसिनीत मात्र घुमटावर माती अजून आहे. तिथे आत शिरण्याआधी सुमारे ३६ मीटर लांबीच्या वाटेने जाताना दोन्ही बाजूंच्या भिंती पाहा, दारात थांबून वर लिंटेलची जाडी पाहा, आणि बाहेर आल्यावर टेकडीला वळसा घालून मागून तिचा चढ पाहा, म्हणजे दगडांच्या त्या कड्यांना आवळून धरणारी माती किती आहे ते डोळ्यांना दिसेल.